लतादीदींच्या जुन्या कॅसेट भंगारात देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

6 फेब्रुवारी 2022 ला लतादीदी गेल्या. त्यांच्या स्मृतिदिनी गाण्यांचे कार्यक्रम होतात, ते व्हावेतच. पण घर रंगवायला काढलं की कॅसेटचं खोकं सगळ्यात आधी भंगारात जातं, याचं फार वाईट वाटतं. 9 सप्टेंबर 1938 ला वडील मास्टर दीनानाथांबरोबर त्या लोकांसमोर शास्त्रीय गायल्या त्या आपल्या सोलापुरात. नऊ वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा 19 दिवस बाकी होते. त्या आवाजावर ज्यांचं तरुणपण गेलं, त्या सोलापूरकरांनी तरी ही खोकी जपावीत.

‘सगळं मोबाइलवर मिळतं’ हे अर्धसत्य आहे. विकत मिळालेल्या कॅसेटमधली गाणी बहुतेक मिळतात. मिळत नाही ते घरी भरलेलं: रेडिओवरून टेप केलेलं गाणं, त्याआधीचं निवेदन, मैफिलीतली एखादी जागा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीचंही (78ची तबकडी) तसंच. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे सिनेमातलं एखादं कडवं तबकडीवर नसे आणि काही वेळा उलटही होई. तबकडीवरचा कागदही पुरावाच आहे. 1949च्या ‘महल’मधल्या ‘आएगा आनेवाला’ या गाजलेल्या गाण्याच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचं नाव छापलं होतं. म्हणून कागदाचा आणि कॅसेटच्या कव्हरवरच्या हस्ताक्षराचा फोटो आधी काढा.

खोकं सापडलं की लगेच कॅसेट लावून बघण्याचा मोह आवरा. आधी पाठीवरच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. मग खिडकीतून रीळ उजेडात पाहा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. टेप रेकॉर्डरमध्ये घातली तर हेडवरून, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावरून, बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते.

सोलापुरात दुसरा शत्रू ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून वाईट. फितीमागे पितळी पट्टीवर नमद्याचा बारीक तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो. मग फीत हेडला नीट टेकत नाही आणि आवाज दबका, येत-जात येतो. लोकांना वाटतं गाणं पुसलं गेलं. ते पुसलेलं नसतं! पाच स्क्रूची रिकामी कॅसेट घेऊन दोन्ही रिळं तिच्यात बसवली की आवाज परत येतो. बिनस्क्रूची, चिकटवलेली कॅसेट मात्र सांध्यावरून जपून उघडावी लागते. तिथे जाणत्या मेकॅनिकचाच हात हवा.

वाजवण्याआधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, चिकटलेले थर सुटतात. सी-120 ची, म्हणजे दोन तासांच्या कॅसेटची, फीत फार पातळ, रबरी रोलरला गुंडाळली जाते. तिला सारखं मागे-पुढे करू नका. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रबरी रोलर साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने. पेटीवरच्या काळी चारचं गाणं अर्ध्या सुराने खाली, पांढरी पाचमध्ये ऐकू आलं तर दीदींचा सूर उतरलेला नाही, टेप रेकॉर्डरमधला पट्टा सैल झालाय. गती सुमारे 6 टक्के कमी आहे. पट्टा बदलल्याशिवाय गाणी संगणकावर उतरवून घेऊ नका.

घरी भरलेली कॅसेट आणखी एका कारणाने मंद वाटते. ज्या टेपवर ती भरली त्याच्या हेडचा कोन वेगळा असतो. हेडशेजारचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी किंचित फिरवत ‘स’ आणि ‘श’ सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. इतक्याने दीदींचे उच्चार पुन्हा लख्ख होतात. हे काम घाईत करू नये.

संगणकावर उतरवताना वायर टेप रेकॉर्डरच्या लाइन-आउट या भोकातून घ्या. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली तर बहुतेक वेळा डाव्या-उजव्यापैकी एकाच स्पीकरचा आवाज उतरतो, म्हणून लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी यंत्र वापरा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आवाजाची पातळी उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कॅसेटची एक बाजू सलग उतरवा आणि डब्ल्यूएव्ही या न दाबलेल्या फाइलमध्येच ठेवा. 48 किलोहर्ट्झ, 24 बिटला सी-60 साठी (एक तासाच्या कॅसेटसाठी) साधारण 1 जीबी लागते. खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. मूळ प्रतीवर केले तर खरखरीबरोबर श्वासही जातो, आणि दीदींच्या गाण्यात तो कुठे घेतला हेच तर ऐकायचं असतं.

तबकड्यांसाठी दोनच गोष्टी. 78ची तबकडी लाखेची असते, ती स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते. आणि एलपीची, म्हणजे नंतरच्या मोठ्या तबकडीची, सुई तिला चालत नाही. बारीक पडते, खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते.

शहरातल्या सार्वजनिक वाचनालयांना आमची विनंती आहे: दुरुस्त केलेला एक चांगला डेक आणि एक संगणक ठेवावा, लोकांनी कॅसेट आणून तिथे उतरवून घ्याव्यात. उन्हाळा लागण्याआधी हे सुरू व्हावं. तोपर्यंत खोकं माळ्यावरून उतरवा आणि आतल्या खोलीतल्या कपाटात, स्पीकरच्या चुंबकापासून दूर, कॅसेट उभ्या लावून ठेवा.

आपले,
काही संगीतप्रेमी वाचक, सोलापूर