छापखान्यातला चतुर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे कटिंग मार्कला काय म्हणतात?" तेव्हा मी मशीनपाशी उभी होते, धड बोलता आलं नाही. छापलेला कागद कुठे कापायचा त्या खुणेला इथे ओसाकात आम्ही 'तोंबो' म्हणतो. तोंबो म्हणजे चतुर! रंग जुळवायला कागदाच्या कडेला मधोमध फुली असते ना, ती पंख पसरून बसलेल्या चतुरासारखी दिसते, म्हणून. कोपऱ्यात दुहेरी रेघा, मध्ये 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना निघून जाणारी जादा छपाई. हे तुम्हाला काय सांगायचं!

मग हा शब्द मला जिथे तिथे भेटायला लागला. बेसबॉलच्या मैदानाची माती सारखी करायला लांब दांड्याचं टी आकाराचं लाकडी अवजार असतं, ते तोंबो. पोरांचं बांबूचं भिरभिरं 'ताकेतोंबो'. कोलांटउडी 'तोंबोगाएरी', कारण चतुर उडता उडता गर्रकन वळतो. शब्द मुळात कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण तो 'तोबु', म्हणजे उडणे, याच्याशी जोडतात.

त्याचं जुनं नाव 'आकित्सु'. आई, ही गोष्ट खास तुझ्यासाठी. 720 साली पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या ग्रंथात आहे. पहिला सम्राट जिम्मू एका टेकडीवर चढला, खाली डोंगरांनी वेढलेला यामातोचा मुलूख पाहिला आणि म्हणाला, हा तर जोडीनं कडं करून उडणाऱ्या चतुरांसारखा दिसतो. त्यावरून देशाला नाव पडलं 'आकित्सुशिमा', चतुरांचं बेट. अख्ख्या देशाला एवढ्याशा किड्याचं नाव! वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सामुराई तर त्याला 'काचिमुशी', विजयाचा किडा म्हणत. तो माघार घेत नाही अशी समजूत, म्हणून शिरस्त्राणावर त्याची आकृती मिरवत.

इथला 'आकिआकाने' जातीचा चतुर जूनच्या सुमारास भातखाचरातून बाहेर पडतो, कडक उन्हाळा डोंगरावर काढतो आणि गारवा आला की लालभडक होऊन खाचरांकडे परततो.

आपण त्याला चतुर का म्हणतो? आई, तू म्हणायचीस, चिमटीत सापडत नाही म्हणून. मी मात्र शेपटीला दोरा बांधायचे आणि तू तो सोडवायला लावायचीस.

बाबा, पाकिटात कापून टाकलेल्या कागदाचा एक कोपरा ठेवलाय. काल मीच कापला. भिंग घेऊन बघा, चारही रंग एकमेकांवर बरोबर बसलेत का ते सांगा.

तुमची,
ताई