पाचूबंदरच्या त्या दोन भावांचे आभार

१८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, वसईत किल्ल्याजवळच्या एका सभागृहात मी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेणाऱ्या मराठ्यांच्या १७३९ च्या मोहिमेवर बोलत होतो. चिमाजी अप्पांचं सैन्य तटाशी पोचलं आणि तेवढ्यात वीज गेली. पडदा काळा, माईक बंद, आणि माझी टिपणं बारीक अक्षरातली. सत्तरेक माणसं घामाघूम होऊन बसलेली. कार्यक्रम गुंडाळावा असं मनात आलंच होतं.

मागच्या रांगेतले, जवळच्याच पाचूबंदर कोळीवाड्यातले दोन कोळी भाऊ उठून गेले. वीसेक मिनिटांनी होडीवरचा बॅटरीचा दिवा घेऊन आले. थोरल्याने तो माझ्या कागदांवर धरला तो शेवटपर्यंत, पाऊण तास. हात भरून आला की धाकटा घ्यायचा. मी पान उलटलं की उजेड आपोआप सरकायचा. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या १७२१ सालच्या घंटेची, वसईहून गेलेल्या घंटेची, गोष्ट मी त्याच उजेडात सांगितली.

नंतर दोन आजींना त्यांनी दिवा दाखवत रिक्षापर्यंत सोडलं. मी गर्दीतून बाहेर येईतो दोघे निघून गेले होते. नावं विचारायची राहिली. दादांनो, मनापासून आभार. पुढच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत या, दोन खुर्च्या तुमच्याच आहेत.