शनिवारच्या बालनृत्य वर्गाबद्दल

सभासद पालकांनो,
येत्या शनिवारपासून 3 ते 7 वर्षांच्या मुलांचा नृत्यवर्ग संध्याकाळी 5 वाजता, दांडिया बाजारातल्या आपल्या सभागृहात. मोजे घालू नका. अनवाणी पायाला जमीन कळते, तोल सावरतो.

एक मनापासून विनंती. घरी स्टेप घोटून घेऊ नका. एका पायावर उडी साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमते, तीन वर्षांच्या मुलाला ती नाही आली तर काळजी नको. फुगडीत कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा कामाला लागते. गरब्याच्या टाळीत हात आणि पाय एका ठेक्यात येतात. शेजारच्या मुलाशी तुलना तर मुळीच नको, आपल्या मुलासमोर तर नकोच.

आज्यांनी जरूर यावं. फुगडीची गाणी तुम्हालाच पाठ आहेत.

– बालविभाग, वडोदरा