ग्रॅकस, सीलिंग आणि तुझे आजोबा

विन्या,

तब्येत बरी, आई पण ठीक. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस म्हणून मेल करतोय.

परवा प्राचीन रोमचा पेपर आणि मी अजून टायबेरियस ग्रॅकसवरच अडकलोय, सुल्ला, सीझर, ऑगस्टस सगळे तसेच पडलेत. इ.स.पू. १३३ मध्ये हा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेला अधिकारी, झाला आणि कायदा आणला, सरकारी जमीन कुणी ५०० युगेराच्या वर, म्हणजे साधारण ३१० एकर, ताब्यात ठेवायची नाही, जादाची गरिबांना वाटायची. आता कळलं ना तुलाच का लिहितोय? कॅन्टीनमध्ये यावरूनच तर अबोला धरला होतास. तुझं एकच, "दुसऱ्याच्या जमिनीवर कसला उदार होतोस!" पण अरे ती जमीन त्या बड्यांची नव्हतीच, रोमने इटलीत जिंकून घेतलेली, राज्याच्या मालकीची. तुझ्या आजोबांची जमीन सीलिंगच्या कायद्यात गेली ती सातबाऱ्यावर त्यांच्या नावाची होती, हा फरक मोठा आहे.

आणि तरी काल इतिहासकार ॲपियन वाचताना तुझीच बाजू समोर आली. ते जमीनवाले म्हणतात, आमच्या वाडवडिलांच्या कबरी आहेत तिथे, बायकांचा हुंडा यात घातलाय, कर्ज काढलंय. मला तर आजोबाच पेटीतले कागद काढून बोलतायत असं वाटलं. गलबलून आलं रे.

पण नोट्समध्ये काय, तर त्या कायद्याला व्हेटो करणाऱ्या दुसऱ्या ट्रिब्यूनला, ऑक्टेव्हियसला, टायबेरियसने मतदान घेऊन पदावरून काढलं, परंपरा मोडली, म्हणून त्याचा शेवट तसा झाला. हे मला पटतच नाही! पद काढणं वेगळं आणि जीव घेणं वेगळं. सिनेटर सिपिओ नासिका बाकीच्या सिनेटर्सना घेऊन आला, मोडक्या बाकांचे पाय घेऊन मारलं त्याला, चरित्रकार प्लुटार्क म्हणतो बरोबरचे तीनशेच्या वर मेले, प्रेतं टायबर नदीत फेकली. इ.स.पू. १२१ मध्ये धाकटा भाऊ गायसही तसाच गेला. रस्त्यावर रक्त सांडायची सुरुवात सिनेटने केली, आणि मी पेपरात हेच लिहिणार, मार्क जाऊ देत. फक्त त्या कबरींचं पण लिहू का? जमीनवाल्यांची बाजू दोन ओळीत उरकली तर अन्याय होईल, जास्त लिहिलं तर ग्रॅकसवर होईल.

वहिनीच्या बदलीचं काय झालं? छोटीचा ताप उतरला ना? काकांना नमस्कार सांग.

उद्या रात्रीपर्यंत उत्तर टाक, आणि आजोबा त्या जमिनीबद्दल नक्की काय म्हणायचे ते त्यांच्याच शब्दात लिही.

तुझा,
मन्या