सीओपीडीच्या पेशंटला कुठे दुखतंय तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिवस (सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार) असतो आणि त्या आठवड्यात बहुतेक पेपरांत एखादा लेख येतोच. बिडी-सिगारेट सोडा, चुलीचा धूर टाळा, पंप, म्हणजे श्वासातून औषध ओढायचा इनहेलर, वेळेवर घ्या. बरोबरच आहे सगळं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी जे लेख वाचले त्यातल्या एकातही दुखण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हणजे सरळ सरळ अंग दुखणं हो, पाठ, मान, खांदे, बरगड्या. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना विचारून बघा, धापेच्या जोडीला रात्रंदिवस हेच ऐकायला मिळतं.

माझ्या सासूबाईंना, आत्याबाई म्हणतो आम्ही त्यांना, हा आजार आहे. बिडीला जन्मात हात लावलेला नाही, पण गॅस आला तोवर अर्धं आयुष्य चुलीपुढं गेलेलं, पावसाळ्यात ओली लाकडं, गोवऱ्या आणि हातात फुंकणी. ओपीडीत नेलं की सगळं ठरलेलं असायचं, बोटाला ते चिमट्यासारखं मशीन लावायचं, ऑक्सिजन बघायचा, छाती तपासायची, "पंप चालू आहे ना? चालू ठेवा" की झालं. आत्याबाई सांगायच्या, "डॉक्टर, पाठीवर पाटा ठिवल्यागत हुतंय बघा, रातीला कूस बदलता येत न्हाय." त्यावर उत्तर काय, तर आजी आता वय झालं, होणारच. आणि एक मलम. डॉक्टर वाईट होते असं नाही, बाहेर शंभर लोक बसलेले, पण श्वासाचा पेशंट म्हटल्यावर दुखणं हे त्यांच्या खात्यातच बसत नव्हतं.

पुढं एका फिजिओथेरपीवाल्या मुलीनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाली, काकू, नुसतं बघा. दर श्वासाला खांदे वर जात होते, गळ्याच्या दोन्ही बाजूचे स्नायू ताठ होऊन बाहेर येत होते. मग तिनं समजावलं. या आजारात फुप्फुसात हवा अडकून राहते, नीट बाहेर पडत नाही, त्यामुळं खालचा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा मुख्य स्नायू, चपटा होतो आणि त्याची ताकद कमी पडते. मग मानेचे, खांद्याचे, बरगड्यांमधले स्नायू, जे एरवी पळताना वगैरे मदतीला येतात, ते बसल्या बसल्या कामाला लागतात. मिनिटाला वीसेक श्वास धरा आणि चोवीस तासांचा हिशोब करा, दुखणार नाही तर काय होईल! आणि दुखतं म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो, जोर लावून खोकत नाही, कफ आत साचतो, त्यातून इन्फेक्शन, परत धाप. म्हणजे दुखणं आणि धाप एकमेकांना वाढवतच राहतात.

तिच्याच आग्रहावरून एक्स-रे काढला तर पाठीचा एक मणका चेपलेला निघाला, तोही कुठं पडल्या-झडल्याशिवाय. हाडं ठिसूळ झाली होती. धाप वाढली की चार-पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात, त्या वेळी त्या गरजेच्याच असतात, पण वर्षात असे कोर्स पुन्हा पुन्हा झाले की हाडांवर परिणाम होतो. त्यात आमच्याकडं लोक जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या परस्पर आणतात हे सर्रास चालतं. पंपातल्या औषधाचा डोस खूपच कमी असतो, तेव्हा हे वाचून कोणी पंप बंद करू नका बरं का, नाहीतर भलतंच व्हायचं. जोराच्या खोकल्यानं बरगडीला चीर जाऊ शकते हेही मला तेव्हाच कळलं, आम्ही त्याला उसण भरली म्हणून शेकत बसतो.

अजून एक नवल सांगते. या आजाराचा त्रास मोजायला डॉक्टर आठ प्रश्नांचा एक फॉर्म वापरतात, कॅट म्हणतात त्याला, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच मार्क. खोकला, कफ, छाती आवळणं, चढाला लागणारी धाप, घरातली कामं, बाहेर जायची भीती, झोप, अंगातली ताकद, सगळं आहे. दुखतं का, कुठं दुखतं, हा प्रश्न नाही! पेशंटही मग आपणहून सांगत नाही, त्याला वाटतं धापेपुढं याचं काय.

उपाय फार मोठे नव्हते. पुढं वाकून, टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टाकून बसायचं म्हणजे खांद्यांना आराम मिळतो. खोकताना बरगडीला उशी घट्ट धरायची. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. कॅल्शियम, डी व्हिटॅमिन आणि हाडांचं औषध डॉक्टरांनी तपासून सुरू केलं. दुखणं गेलं नाही पण आत्याबाई आता कुशीवर झोपतात. पेनकिलर मात्र मनानं घेऊ नये, पोटाला आणि किडनीला त्रास होतो, आणि कडक पेनकिलर किंवा झोपेच्या गोळ्यांनी श्वासच मंदावू शकतो. छातीत अचानक कळ येऊन धाप वाढली तर शेकत न बसता ताबडतोब दवाखाना गाठावा, हार्टचं असू शकतं किंवा फुप्फुस फाटून हवा बाहेर आलेली असू शकते.

श्वासाचे व्यायाम शिकवणारी सेंटर मोठ्या शहरांत असतात, आमच्या तालुक्यात एकही नाही. तेव्हा विनंती एवढीच की येत्या नोव्हेंबरमध्ये आरोग्य पुरवणीत फुप्फुसाच्या डॉक्टरांबरोबर एखाद्या फिजिओथेरपिस्टलाही लिहायला सांगा, आणि बसायचं कसं, खोकायचं कसं याचे फोटो जरा मोठे छापा, आत्याबाईंच्या वयाच्या बायकांना बारीक अक्षर दिसत नाही.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा