विषय: टूल कॉन्फिग वाचत नाही आणि वर 'सक्सेस' म्हणतं (चौथी तक्रार)

प्रॉडक्ट मॅनेजमेंटमधे जे कोणी हे वाचणार असेल त्यांना,

आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुमच्या सपोर्टचा फोन संपला. मी नाही ठेवला, तिकडूनच कट झाला. फाईल्समधला मेटाडेटा (फाईलच्या आत काय आहे त्याची माहिती) काढणारं हे टूल तुमचंच आहे, त्यामुळे ते कसं चालतं हे सांगत बसत नाही.

माझ्याकडे नेटसीडीएफच्या (शास्त्रीय मोजमापं साठवायचा फॉरमॅट) १९ हजार फाईल्स आहेत, हवामान स्टेशनांच्या नोंदी. त्यातून व्हेरिएबलची नावं, युनिट्स, फिल व्हॅल्यू (मोजमाप नसेल तिथे भरलेला आकडा) आणि वेळेची रेंज काढून कॅटलॉगमधे भरायची, एवढंच काम. मॅन्युअलमधे दिलंय तस्सं कॉन्फिगमधे, म्हणजे टूलच्या सेटिंगच्या फाईलमधे, 'नेटसीडीएफ' नावाचा सेक्शन केला, त्याखाली मॅपिंग (आतलं काय कुठल्या रकान्यात जायचं ते) लिहिलं, तुमच्याच व्हॅलिडेट कमांडने तपासलं, 'कॉन्फिग व्हॅलिड' आलं, रन मारला. हिरवी पट्टी, सगळ्या फाईल्स सक्सेस, एरर शून्य. कॅटलॉग उघडला तर युनिट्स रिकामे, व्हेरिएबल रिकामे, आणि तारखेच्या रकान्यात सगळीकडे गेल्या मंगळवारची रात्र. २०११ सालच्या नोंदीसुद्धा मंगळवारी रात्रीच्या. कारण त्या रात्री मी फाईल्स नव्या डिस्कवर कॉपी केल्या होत्या! आतली वेळ मिळाली नाही म्हणून टूलने गुपचूप फाईलची मॉडिफाइड तारीख उचलून ठेवली. कोणी सांगितलं होतं उचलायला?

तीन दिवस माझंच काहीतरी चुकतंय असं समजून मी एकेक स्पेस मोजत बसले. शेवटी वैतागून एनसीडंपला (नेटसीडीएफ फाईल उघडून दाखवणारी कमांड) के चा ऑप्शन देऊन फाईलचा प्रकार विचारला, त्याने एका ओळीत सांगितलं, नेटसीडीएफ-४. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुनी क्लासिक फाईल सीडीएफ या तीन अक्षरांनी सुरू होते, पण नेटसीडीएफ-४ आतून एचडीएफ-५ (तसलाच दुसरा फॉरमॅट) च असते त्यामुळे सुरुवातीच्या बाइट्समधे एचडीएफ लिहिलेलं असतं. तुमचं टूल एक्स्टेंशन बघत नाही, ते बाइट्स बघतं, फाईलला 'एचडीएफ' ठरवतं आणि माझा अख्खा नेटसीडीएफ सेक्शन बाजूला ठेवून डिफॉल्ट नियम लावतं. बरं लावा, पण सांगाल की नाही? एक वॉर्निंग? लॉगमधे एक ओळ? फॉरमॅट २००८ पासून आहे हो, काल आलेला नाही.

त्यात स्टेशन कोडचा घोळ वेगळाच. कॉन्फिगमधे ०१० लिहिलं तर कॅटलॉगमधे ८ आलं, ०१७ चं १५ झालं, आणि ०१८ मात्र जसंच्या तसं ०१८. कारण तुमचा यामल (कॉन्फिग ज्या फॉरमॅटमधे लिहितात तो) वाचणारा पार्सर अजून १.१ वर आहे, तिथे शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठच्या पायावरचा, धरतात, आणि ऑक्टलमधे ८ हा अंक नसतो म्हणून ०१८ बिचारं वाचलं. हे १.२ मधे बदललं, २००९ ला! कोट्समधे टाकलं की सुटतं हे मला कळलं, पण तुमच्या मॅन्युअलमधल्या उदाहरणातच स्टेशन कोड कोट्सशिवाय छापलाय.

आता आजचा फोन. पाऊण तास होल्डवर ठेवून मला 'सिनियर टेक्निकल एक्स्पर्ट'कडे दिलं. मी वरचं सगळं सांगितलं, अगदी बाइट्ससकट. पलीकडे शांतता. मग,

"मॅडम, एक काम करा, फाईलवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा."

मला वाटलं काहीतरी तपासायचं असेल. उघडलं.

"साईझ दिसतेय का?"

"दिसतेय."

"तारीख दिसतेय?"

"दिसतेय, मंगळवारची. तोच तर,"

"मग मॅडम, मेटाडेटा तर येतोय ना."

मी म्हटलं अहो, मला फाईलच्या आतलं हवंय, तापमान केल्विनमधे आहे की सेल्सिअसमधे हे त्या प्रॉपर्टीजमधे कुठे दिसणार? तर अत्यंत प्रेमळ आवाजात, लहान मुलीला समजवावं तसं म्हणाले, "मॅडम, घरात कोणी कॉम्प्युटरचं बघणारं आहे का? त्यांना फोन देता का जरा?"

घरात कॉम्प्युटरचं बघणारी मीच आहे. अकरा वर्षं हेच करतेय. तुमच्या एक्स्पर्टना जे माहीत नाही ते मी त्यांना फुकट शिकवत होते आणि त्यांना माझ्या घरातलं मोठं माणूस हवं होतं. मी "तुमच्याकडे कोणी आहे का बघणारं?" असं विचारलं (विचारायला नको होतं, पण विचारलं) आणि फोन कट. दोन मिनिटांत मेल, तिकीट 'सोडवलं', कारण 'युजरला मार्गदर्शन केले'. म्हणजे टूल काय आणि सपोर्ट काय, एकाच मुशीतले. काम झालेलं नसताना हिरवी पट्टी दाखवायची.

वाईट याचं वाटतं की हे टूल टीममधे मीच आणलं. बाकीचे म्हणत होते फुकटातली टूल्स जोडून आपली एक स्क्रिप्ट लिहू, मीच म्हटलं नको, कंपनी मागे उभी राहील. राहिली!

तिकीट उघडा. न लागलेल्या सेक्शनची वॉर्निंग द्या, मॉडिफाइड तारीख न विचारता भरणं बंद करा, मॅन्युअलमधलं ते उदाहरण दुरुस्त करा. रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे आणि तोवर यातलं काही झालं नाही तर ते होणार नाही, आणि का होणार नाही हे मी जिथे जिथे लिहिता येईल तिथे लिहीन, स्क्रीनशॉटसकट.

ता.क. नमुन्याच्या दोन फाईल्स जोडल्यात. तुमच्या तक्रारीच्या फॉर्मला एनसी एक्स्टेंशन चालत नाही म्हणून नाव बदलून टीएक्सटी केलंय. टूलमधे टाकून बघा, त्याला काही फरक पडणार नाही, ते नाव बघतच नाही.