‘स्टोन पोनी’ आणि हाउस बँड

संपादक महोदय,
स. न.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कच्या ‘स्टोन पोनी’ या समुद्रकाठच्या नाइटक्लबवर काही लिहून आले की रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या पुढे गाडी सरकत नाही. तो तिथे कितीदा तरी वाजवून गेला, पण बहुतेक वेळा पाहुणा म्हणून, आयत्या वेळी. क्लब उभा राहिला तो हाउस बँडच्या, म्हणजे तिथे नेमाने वाजवणाऱ्या ठरलेल्या बँडच्या जिवावर, आणि त्याचा उल्लेख राहून जातो याचे फार वाईट वाटते.

क्लब उघडला फेब्रुवारी १९७४ मध्ये. ऐन थंडी, किनारा ओस, त्यात जुलै १९७० च्या दंगलीनंतर गावाची रया गेलेली. तिथे आठवड्यातून तीन रात्री नेमाने वाजवणारा बँडच माणसे टिकवू शकत होता. आधी ‘ब्लॅकबेरी बूझ बँड’. त्यातूनच गायक साउथसाइड जॉनी आणि गिटारवादक स्टीव्ह व्हॅन झँट यांचा ‘ॲस्बरी ज्यूक्स’ तयार झाला. या मंडळींची तालीम झाली होती कुकमन ॲव्हेन्यूवरच्या ‘अपस्टेज’मध्ये. १९६८ ते १९७१ चाललेल्या त्या क्लबात दारू मिळत नसे आणि पहाटे पाचपर्यंत जॅमिंग, म्हणजे आयत्या वेळी एकत्र वाजवणे चाले.

हाउस बँड असला की ड्रम, ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि माइक यांची मांडणी पक्की राहते. पाहुण्याने गिटारची वायर ॲम्पमध्ये खोचायची, पट्टी सांगायची, की ड्रमरने सुरुवात केलीच. सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतप्रकारातली जुनी गाणी बँडला पाठ असतात. ट्रम्पेट-सॅक्सोफोनचे तुकडे मात्र आयत्या वेळी बसत नाहीत, त्याला रोजचीच संगत लागते. ज्यूक्सची खरी ताकद तीच होती. आणखी एक अडचण सुराची. गार हॉलमध्ये पितळी वाद्ये उतरलेली असतात. गर्दीने हवा तापली की ती चढतात आणि त्याच उष्णतेने गिटारच्या तारा उतरतात. म्हणून वाद्ये दहा-पंधरा मिनिटे फुंकून तापवावीत आणि मगच सूर जुळवावा. मध्यंतरानंतरच्या दुसऱ्या सेटआधी पुन्हा तपासावा. खाऱ्या हवेने तारा गंजतात, वायर खोचायच्या जॅकमध्ये खरखर येते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणे आणि जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करणे तिथे टळत नाही.

क्लबच्या उतरणीचे एक मोठे कारण कायद्यात होते. न्यू जर्सीत दारू पिण्याचे किमान वय १९७३ मध्ये १८ झाले, १९८० मध्ये १९ आणि १९८३ मध्ये २१. म्हणजे कॉलेजातला निम्माअधिक श्रोता दाराबाहेरच राहिला. १९९१ मध्ये क्लबचे दिवाळे निघाले. पुढे तो पुन्हा उघडला, पुन्हा बंद पडला आणि २००० पासून नव्याने सुरू झाला.

यापुढे या क्लबवर मजकूर छापताना मे १९७६ मधल्या त्या मैफलीचा उल्लेख जरूर करावा, ही विनंती. ‘ॲस्बरी ज्यूक्स’च्या पहिल्या अल्बमच्या निमित्ताने ती ‘स्टोन पोनी’तून रेडिओवर थेट ऐकवली गेली होती.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक